शेक घेतल्यानंतर सुकलेले तोंड : इलाज, परहेज आणि घरच्यांनी समजून घ्यायच्या गोष्टी

तोंड, जीभ, गाल, घसा किंवा स्वरयंत्र यांच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलेल्या बहुतेक रुग्णांची एक तक्रार हमखास असते, ती म्हणजे तोंड सुकणे. रेडिएशनला आपल्याकडे कोणी शेक म्हणतं, कोणी सिकाई, कोणी नुसतंच ‘लाईट घेणं’. सहा-सात आठवडे शेक चालतो, रिपोर्ट साफ येतो, घरात शुक्रानेच्या नफिल नमाजा होतात, मिठाई वाटली जाते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस दस्तरख्वानावर बसून भाकरीचा एक तुकडा दहा मिनिटं तोंडात घोळवत असतो. तो आत जात नाही, बाहेर टाकायची शरम वाटते. “जान वाचली ना, मग एवढं काय,” असं घरचे म्हणतात. या ‘एवढं काय’पायी वर्ष-दोन वर्षांत चांगले दात किडून जातात, वजन उतरतं, माणूस लग्नकार्यात जेवायला बसायचं टाळू लागतो.

आम्ही शिक्षकी पेशातले. गोळी किती मिलिग्रॅमची घ्यायची, हे ठरवणं आमचं काम नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, याची माहिती मराठीत एका जागी सापडत नाही, म्हणून ही मांडणी.

लाळ नेमकं काय करते

उर्दूत लाळेला लुआब म्हणतात. आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक जोडी दोन्ही कानांच्या पुढे, गालात (गालगुंड होतो तेव्हा सुजतात त्याच या ग्रंथी), दुसरी जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जेवताना जी पाझरते तिचा मोठा भाग कानापुढच्या ग्रंथींतून येतो. एरवी, तोंड नुसतं मिटलेलं असताना जो ओलावा राहतो, तो जास्त करून जबड्याखालच्या ग्रंथींचा.

लाळ म्हणजे नुसतं पाणी असतं तर काम सोपं होतं, पाणी पीत राहिलं की भागलं असतं. पण लाळेत घासाला बुळबुळीत करणारा चिकट पदार्थ असतो, ज्याला म्युसिन म्हणतात. त्याच्याशिवाय घास घशातून सरकत नाही. दातांवर जमणारं आम्ल मारणारा क्षार तिच्यात असतो, दाताची झीज रोज थोडी-थोडी भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, जंतू आणि बुरशी यांना आवर घालणारे घटक असतात. चव लागते तीही लाळेमुळेच, कारण पदार्थ विरघळल्याशिवाय जिभेला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून रुग्ण “सालनाला चवच नाही” म्हणतो तेव्हा तो स्वयंपाक करणारीला नावं ठेवत नसतो.

शेकाने काय बिघडतं

तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकाचा पूर्ण डोस साधारण ६० ते ७० ग्रे असतो (ग्रे हे किरणांचं माप). तो रोज दोन ग्रेच्या आसपास, आठवड्यातून पाच दिवस असा ३०-३५ वेळांत दिला जातो. लाळेच्या ग्रंथी किरणांना फार नाजूक. पहिल्याच आठवड्यात लाळ कमी व्हायला लागते, आधी पातळ लाळ जाते आणि मग दोरीसारखी चिकट, ओढली तरी न तुटणारी लाळ उरते. शेक संपेपर्यंत काहींचं तोंड अक्षरशः कोरडं ठणठणीत होतं.

लाळ परत येते का? ते ग्रंथींना किती डोस बसला यावर आहे. कानापुढच्या ग्रंथीला बसणारा सरासरी डोस २५-२६ ग्रेच्या आत राखता आला तर एक-दोन वर्षांत बरीच लाळ परत येऊ शकते. त्याच्या फार वर गेला तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीननेही लाळग्रंथींना इजा होते, पण तो विषय थोडा वेगळा आहे.

शेक सुरू होण्याआधीच विचारायचे प्रश्न

सगळ्यात जास्त लाळ वाचते ती शेकाच्या आधी. नंतरचे इलाज तोंड ओलं ठेवतात, मेलेली ग्रंथी जिवंत करत नाहीत. कॅन्सरचं निदान झाल्या झाल्या घर हादरलेलं असतं, त्या धावपळीत लाळेबद्दल विचारायचं कोणाला सुचणार? तरी विचारायला हवं, आणि हे काम रुग्णाचं नाही, सोबत जाणाऱ्या मुला-मुलीचं आहे.

पहिला प्रश्न : शेक कोणत्या पद्धतीने देणार? आयएमआरटी नावाच्या पद्धतीत किरणांची ताकद ठिकठिकाणी कमी-जास्त करून गाठीवर मारा होतो आणि लाळग्रंथींना शक्य तेवढं वगळलं जातं. ब्रिटनमध्ये पारस्पोर्ट नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त छापून आले. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना एका वर्षानंतरही त्रासदायक कोरडेपणा होता, आयएमआरटी घेतलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के. फरक लहान नाही. अर्थात गाठ ग्रंथीला अगदी लागून असेल तर कॅन्सर मारणं आधी, लाळ नंतर. तेव्हा “आमच्या पेशंटची एका बाजूची तरी ग्रंथी वाचेल का?” एवढं विचारावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून इलाज होत असेल तर कोणती पद्धत त्यात बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी समजून घ्यावं.

दुसरा प्रश्न दातांचा, आणि तो टाळू नये. शेक सुरू होण्याआधी दंतवैद्याची तपासणी झालीच पाहिजे. जे दात वाचणार नाहीत ते आधीच काढायचे, आणि जखम भरायला किमान दोन आठवडे तरी मिळाले पाहिजेत. याचं कारण पुढे दातांच्या भागात येईल.

कॅनडातल्या एडमंटनचे डॉ. हादी सिकाली आणि डॉ. नरेश झा यांनी एक वेगळी वाट काढली. शेकाच्या आधी, ऑपरेशनच्या वेळीच जबड्याखालची एक ग्रंथी हनुवटीखाली सरकवून ठेवायची, म्हणजे ती किरणांच्या वाटेतून बाजूला राहते. ठरावीक रुग्णांतच हे जमतं, सगळीकडे केलंही जात नाही, पण सर्जनला विचारायला हरकत नाही. शेकाच्या आधी रोज शिरेतून द्यायचं अमिफॉस्टिन नावाचं औषधही आहे. त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, म्हणून आता ते फारसं वापरत नाहीत.

तोंड सुकल्यानंतरचे इलाज

घरच्या घरी होणारा आणि शेकाच्या पहिल्या दिवसापासून करायचा उपाय म्हणजे मीठ-सोड्याच्या गुळण्या. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. रोज ताजं बनवायचं, दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरून थुंकायचं. चिकट लाळ यानं सुटते आणि तोंडातलं आम्ल कमी होतं. खाण्याचा सोडाच घ्या, बेकिंग पावडर नको, पापडखार नको, धुण्याचा सोडा तर नकोच. बाजारातले झणझणीत माऊथवॉश बंद करा. त्यांतल्या अल्कोहोलने सुकलेलं तोंड आणखी सुकतं आणि जळतं. बिनअल्कोहोलचे मिळतात, बाटलीवर वाचून घ्या.

दुसरा भाग कृत्रिम लाळेचा. ही स्प्रे, जेल किंवा पातळ द्रवाच्या रूपात मिळते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक प्रकारांत कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज नावाचा, झाडांपासून मिळणाऱ्या सेल्युलोजपासून बनवलेला बुळबुळीत पदार्थ असतो. परिणाम थोडाच वेळ टिकतो. म्हणून जेवणाआधी, जास्त बोलायच्या आधी आणि झोपताना ती वापरावी. रात्रीसाठी स्प्रेपेक्षा जेल बरं, जास्त वेळ चिकटून राहतं.

इथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट सांगणं जरूर आहे. परदेशात मिळणाऱ्या काही कृत्रिम लाळेत, उदाहरणार्थ सलायव्हा ऑर्थानामध्ये, डुकराच्या जठरातून काढलेलं म्युसिन असतं. आखातातून, इंग्लंडमधून कोणी नातेवाईक प्रेमाने बाटली पाठवतो, तेव्हा घटकांची यादी वाचावी. म्युसिन लिहिलेलं दिसलं तर ते कशापासूनचं आहे हे विचारावं. सेल्युलोजचे पर्याय सहज मिळत असताना हलाल-हरामच्या पेचात पडायचं कारणच नाही. ग्लिसरीन वनस्पतीचंही असतं आणि प्राण्याच्या चरबीचंही, तेही ज्यांना खातरजमा करायची त्यांनी करावी. मात्र शंकेपायी इलाजच बंद करून बसू नये. आलिमांना विचारा, डॉक्टरांना विचारा, पर्याय निघतो.

तिसरा भाग, उरलेल्या ग्रंथींना कामाला लावणे. थोडी जरी लाळ येत असेल तर चघळण्याने ती वाढते. बिनसाखरेचं च्युइंग गम (झायलिटॉल असलेलं उत्तम), बिनसाखरेच्या गोळ्या, तोंडात धरलेला एखादा वेलदोडा चालतो. लिंबू, चिंच, आवळा, आंबट गोळ्या यांनी लाळ सुटते हे खरं, पण ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी हा मार्ग टाळावा, कारण आम्ल धुऊन काढायला लाळ नाही आणि ते दातांना खातं. मुखवासात सुपारी नसल्याची खात्री करा. आपल्याकडे निकाहच्या जेवणानंतर जी तबकडी फिरते तिच्यात बडीशेपेखाली हमखास सुपारी असते. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठून येतात हे ज्याच्या त्याच्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. शेक घेतलेल्या माणसाच्या घरात पान, तंबाखू, मशेरी, बिडी यांतलं काहीच राहता कामा नये, दुसऱ्या कोणासाठीही.

औषधांत मुख्य नाव पायलोकार्पिनचं. ब्राझीलकडच्या जॅबोरँडी नावाच्या झुडपाच्या पानांतून ते मिळतं. शेकानंतरच्या कोरडेपणासाठी अमेरिकेत १९९४ साली त्याला मंजुरी मिळाली. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, पण तो डॉक्टरच ठरवतील. ते ग्रंथींना चेतवतं, म्हणजे काही पेशी जिवंत असतील तरच उपयोग. गुण यायला बारा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नये. घाम फार येतो, लघवीला वारंवार जावं लागतं, नाक वाहतं. दमा आवाक्यात नसलेल्यांना, डोळ्याच्या बंद-कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांना ते देत नाहीत. हृदयाचा आजार असेल तर आधी सांगावं. सेव्हिमेलिन हे त्याच जातीचं दुसरं औषध.

ॲक्युपंक्चर आणि त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देण्याची पद्धत, यांनाही २०२१ च्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनांच्या मार्गदर्शनात जागा मिळाली आहे. पुरावा गोळ्यांइतका भक्कम नाही, पण इजा फारशी नाही. प्रशिक्षित माणूस आणि नवी सुई, या दोन अटी.

जैतुनाचं तेल, खोबरेल किंवा थोडं तूप तोंडात फिरवल्याने काहींना रात्री बरं वाटतं. त्यानं लाळ वाढत नाही, कोरड्या जागेवर वंगण बसतं इतकंच. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी तेल वापरू नये, ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. कलौंजी आणि मध यांबद्दल लोक फार विचारतात. दोन्हींचा अदब आपल्या दिलात आहे आणि असावा. पण मध म्हणजे साखरच, सुकलेल्या तोंडात तो दातांवर बसून राहतो. घ्यायचाच तर जेवणासोबत घ्यावा आणि लगेच चूळ भरावी, रात्री झोपताना चाटवू नये.

आणखी एक. रुग्ण दुसरी कोणती औषधं घेतो ते पाहा. सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, लघवी साफ करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांनीही तोंड सुकतं. स्वतःहून बंद करू नका, पिशवीत भरून सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा.

दात आणि जबडा

लाळ गेल्यावर दात किडतात ते नेहमीसारखे नाही. हिरडीजवळ, दाताच्या मानेभोवती तपकिरी कडं पडतं आणि काही महिन्यांत वरचा दात तुटून पडतो. खालचे पुढचे दात एरवी सहसा किडत नाहीत, इथे तेही जातात.

त्यावर उपाय आहे आणि तो महागडाही नाही. दंतवैद्याकडून १.१ टक्के सोडियम फ्लोराइडचं जेल किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून घ्यावी. साध्या पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असतं, यात ५००० पीपीएम. दातांच्या मापाचे पातळ ट्रे बनवून त्यात जेल घालून रोज रात्री पाच-दहा मिनिटं लावतात, मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चूळ भरायची नाही. एक-दोन महिन्यांसाठी नव्हे, आयुष्यभर. दर तीन-चार महिन्यांनी दात दाखवायचे. खासगीत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत जावं.

आता दात काढण्याची गोष्ट. शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा जबड्यातला दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि सडू लागतं. हा धोका पाच-दहा वर्षांनीही जात नाही. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी शेकानंतर चार वर्षांनी दाढ दुखते म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात दाढ काढून घेतली. त्यांनी कॅन्सरचं सांगितलं नाही, कारण आपल्याकडे कॅन्सरचं नाव घेणंच अशुभासारखं मानतात, आणि तिथेही कोणी विचारलं नाही. पुढचं दीड वर्ष हाडाच्या जखमेत गेलं. तेव्हा दाताच्या डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायचं वाक्य : “माझ्या जबड्यावर शेक झालेला आहे.” डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवायचं. दाढ काढण्याऐवजी रूट कॅनालने भागतं का, हे आधी बघतात.

कवळी असेल तर रात्री काढून ठेवा. ओलाव्याशिवाय कवळी घासते आणि जखम करते.

दस्तरख्वानावर

आपल्या जेवणाचा निम्मा भाग अशा रुग्णाला शिक्षा ठरू शकतो. सुकी रोटी, नान, कबाब, सुकी बिर्याणी, भजी, टोस्ट हे सगळं घशात अडकतं. पण दुसरा निम्मा भाग जणू त्याच्यासाठीच आहे. खिचडा आणि हलीम मिरची कमी करून केले तर त्यात गहू, डाळ, गोश्त सगळं मऊ होऊन येतं. पाया, यखनी, पातळ केलेली निहारी, दालचा, दही-भात, मऊ खिमा, कोकणातल्या घरांत नारळाच्या दुधातलं मासळीचं सालन, पेज. भाकरी-चपाती सालनात भिजवून, चुरून. प्रत्येक दोन घासांमागे एक घोट पाणी. घास छोटा. ज्याला वेळ लागतो त्याला आधी वाढा, उगाच त्याच्यासाठी सगळ्यांना खोळंबून ठेवलंत तर तो लाजून उठतो.

मिरची, कच्चा टोमॅटो, लोणचं जळजळ करतं. चहा-कॉफी दिवसातून एक-दोनदाच, फार गरम नको. खजूर पौष्टिक खरा, पण दातांच्या फटीत चिकटतो. दुधात कुस्करून घ्यावा. शीरखुर्मा, फिरनी ईदला नको असं कोण म्हणेल? जेवणासोबत खा, चूळ भरा, फ्लोराइड चुकवू नका. दिवसभर थोडं-थोडं गोड चघळत राहणं मात्र सगळ्यात वाईट.

वजन महिन्यात दोन-तीन किलोने उतरत असेल किंवा पाणी पितानाही ठसका लागत असेल तर हा नुसत्या लाळेचा प्रश्न राहिलेला नाही. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे पाठवायला सांगा.

रात्री तोंड सुकून जाग येते. उशाशी पाण्याची बाटली आणि स्प्रे हवा. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीतली हवा ओलसर ठेवतो, एसी उलट सुकवतो. ओठांना व्हॅसलिन किंवा तूप लावा.

वुजू, मिस्वाक, तिलावत आणि रमजान

पाच वेळच्या नमाजाचं एक वेळापत्रक आपल्या घरात आधीच आहे. वुजूच्या जागेजवळ मीठ-सोड्याच्या पाण्याचा ग्लास झाकून ठेवा. आधी त्याच्या गुळण्या करायच्या, मग साध्या पाण्याने वुजू. औषधाची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. आम्हाला माहीत असलेल्या दोन घरांत ही सवय अशीच लागली.

मिस्वाक सुन्नत आहे, पण शेक चालू असताना आणि तोंड सोलवटलेलं असताना तिच्या तंतूंनी जखम होऊ शकते. तोवर एकदम मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून वापरावा. हिरड्या बऱ्या झाल्यावर दंतवैद्याने होकार दिला तर नरम, भिजवलेली मिस्वाक हलक्या हाताने. फ्लोराइडची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

ज्यांचं काम आवाजाचं आहे, म्हणजे इमाम, मुअज्जिन, मदरशातले उस्ताद आणि आमच्यासारखे शिक्षक, त्यांना हे दुखणं दुहेरी. दोन आयतींनंतर जीभ टाळूला चिकटते. जवळ पाणी ठेवून मध्ये थांबून घोट घेण्यात कसलाही बेअदबपणा नाही. मुसल्ल्याजवळ बाटली दिसली तर कुजबुजू नये, एवढं मस्जिदवाल्यांनी सांभाळावं.

रोजाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. तेरा-चौदा तास पाण्याचा थेंब नाही, हे निरोगी तोंडाला झेपतं. लाळ नसलेल्या तोंडात एवढ्या वेळात फोड येतात, बुरशी वाढते. शेक चालू असताना आणि त्यानंतरचे काही महिने वजन भरून काढायचे असतात. सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींत बीमार माणसाला सवलत आहे : नंतरच्या दिवसांत रोजे पुरे करायचे. ज्याची बीमारी कायमची आहे आणि रोजा कधीच झेपणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे, म्हणजे एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवण. हनफी आणि शाफई मसलकात त्याचं मोजमाप वेगळं, आणि कोकणातले आपले बरेच भाऊ शाफई आहेत, म्हणून आपल्या आलिमांकडूनच मसला घ्यावा. स्प्रे किंवा जेल घशात उतरलं तर रोजाचं काय, हाही त्यांनाच विचारायचा प्रश्न. मात्र मुफ्तीसाहेबांकडे जाताना डॉक्टरांचं म्हणणं लिहून न्या. “थोडं तोंड सुकतं” असं सांगितलं तर जवाबही तेवढ्यापुरताच मिळेल. काही वर्षांनी लाळ थोडी परतली आणि डॉक्टरांनी होकार दिला तर हिवाळ्यातल्या लहान दिवसांत एखादा कजा रोजा ठेवून पाहता येतो. पायलोकार्पिन चालू असेल तर घामाने पाणी आधीच जात असतं, डॉक्टरांना न विचारता गोळी फक्त सहरी-इफ्तारवर आणू नये.

जो बुजुर्ग आयुष्यभर एकही रोजा सोडत आला नाही, त्याला हे पटवणं सोपं नाही. त्याच्यासमोर बसून पोरांनी पाणी पिऊ नये, पण त्याला गुन्हेगारासारखं पडद्याआड पाणी प्यायलाही लावू नये.

लगेच दाखवायच्या खुणा

गालात, जिभेवर पांढरे, खरवडले तर निघणारे थर किंवा लालभडक जळजळ : ही बहुधा बुरशी असते, निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमॅझोलसारख्या औषधांनी जाते. आपणच आपलं अँटिबायोटिक घेतलं तर वाढते. तोंड तीन बोटं उभी जातील एवढं उघडत नसेल तर जबड्याचे व्यायाम आजच सुरू करायला हवेत, उशीर झाला की स्नायू आवळत जातात. दाताच्या जागी हाड दिसणं, जबड्याची न थांबणारी दुखी, ओठ बधिर होणं, तोंडात किंवा मानेत दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम वा नवी गाठ, यांत एक दिवसही घालवू नका. मानेवर शेक झाला असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायची असते. मरगळ, थंडी वाजणं, वजन वाढणं हे वयावर घालवलं जातं आणि तपासणी राहून जाते.

पुढचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सुकलेल्या ग्रंथीत पाण्याची वाट उघडणारं जनुक सोडण्याचा प्रयोग ११ रुग्णांवर झाला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींची लाळ वाढली. डेन्मार्कमध्ये चरबीतल्या मूळ पेशी ग्रंथीत टोचून पाहिल्या जात आहेत. हे सगळं अजून चाचण्यांमध्ये आहे. कोणी पैसे घेऊन ‘स्टेम सेलने लाळ परत आणतो’ म्हणत असेल तर तो इलाज नव्हे, धंदा आहे. मान्यताप्राप्त चाचणीत नव्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, संमतीपत्र मराठीत किंवा उर्दूत वाचायला देतात, आणि मधूनच बाहेर पडायची मोकळीक असते. हे तिन्ही विचारून घ्या.